किट कारसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स: आधी मागच्या चाकाकडं बघा

"अण्णा, इंजिन घेतलो की. स्विफ्टचं. आता गाडी करालोय."

"घेतलास खरं, गिअरबॉक्स कुठलं घालणार?"

"ते बघू की मागनं."

बेळगावच्या उद्यमबागेत एका मेस्त्रींच्या लेथपाशी झालेलं हे बोलणं. त्यातला "बघू की मागनं" म्हणणारा मी. या तीन शब्दांपायी माझं दीड वर्ष गेलं, आणि किती पैसे गेले ते घरात अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर दुसरी गाडी बांधली, ती चालते. आता तेच मेस्त्री नव्या पोरांना माझ्याकडं पाठवतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला शेतकरी एकटा बैल बघून भुलत नाही. घरच्या बैलाशी त्याची उंची, चाल, ओढ जमेल का, हे आधी बघतो. आपण मात्र इंजिनाची बीएचपी (म्हणजे ताकद) ऐकून खिशात हात घालतो. मोटारीत जू म्हणजे गिअरबॉक्स, आणि त्याच्या मागं डिफरन्शियल, म्हणजे ओढ दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा. तिथून उलटं मोजत इंजिनापर्यंत यायचं, एवढीच या लेखाची पद्धत आहे.

आधी कागद, मग पाना

किट कार म्हणजे चॅसी आणि बॉडी वेगळी, आणि चालणारे भाग कुठल्यातरी तयार गाडीतून काढून घेतलेले. १९५७ ची लोटस सेव्हन हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला नमुना. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं तिचेच फोटो मोबाईलवर घेऊन येतात. पण तिकडच्या आणि इकडच्या कायद्यात फरक आहे. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिला टाइप अप्रूव्हल, म्हणजे हा नमुना रस्त्यावर चालायला योग्य आहे असा दाखला लागतो. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थांकडून मिळतो आणि एकट्या माणसाच्या खिशाला परवडत नाही. जुन्या गाडीचं आरसी वापरून तिच्यावर नवी बॉडी चढवायची, ही युक्तीही चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते आणखी स्पष्ट केलं. तेव्हा ही गाडी शेतात, खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची आहे असं धरूनच निवड करा. त्यामुळं निवड थोडी सोपीही होते, कारण हायवेवर शंभरनं पळवायचा प्रश्नच उरत नाही.

गाडी किती किलोची होणार?

याचा आकडा कागदावर लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. नळ्यांची चॅसी, फायबरची बॉडी, दोन सीट आणि छोटं चारचाकी इंजिन धरलं, तर पहिल्यांदा बांधणाऱ्याची गाडी बहुतेक ५५० ते ६५० किलोत जाते. प्रत्येकजण ४५० ठरवतो. मीही ४५० च ठरवलं होतं. वेल्डिंग करताना "इथं एक पाईप अजून घालू" असं वीस वेळा म्हणून झालं की शंभर किलो कुठून आले ते कळत नाही.

वजन मोजायला आपल्या भागात अडचण नाही. उसाच्या गाड्या मोजणारा वजनकाटा गावोगाव आहे. मालकाला चहा पाजा. आधी पुढची चाकं काट्यावर घ्या, मग मागची, मग सगळी गाडी. मोठा काटा पाच-दहा किलो इकडं-तिकडं दाखवतो, पण पुढं-मागं वजन कसं वाटलं गेलंय ते चांगलं कळतं. सुट्या इंजिनासाठी भंगारवाल्याचा काटा बरा.

आता शक्तीचं गणित. जुन्या मारुती ८०० ला ३७ बीएचपी आणि सुमारे ६५० किलो, म्हणजे टनामागं ५७ बीएचपी. इकोचं ११९६ सीसीचं ७३ बीएचपीचं इंजिन ६०० किलोच्या गाडीत बसवलं तर टनामागं जवळजवळ १२२, म्हणजे ८०० च्या दुपटीहून जास्त. जमिनीपासून वीतभर उंचीवर, दार नसलेल्या गाडीत बसून हे १२२ किती वाटतात, ते बसल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या गाडीसाठी टनामागं ८० ते १२० पुरे. त्याच्यावर गेलात तर ब्रेक, सस्पेन्शन, चॅसी सगळंच त्या तोलाचं लागतं.

इंजिन उभं, आडवं की मागं?

खरा निर्णय इथं होतो. ओढ मागच्या चाकापर्यंत कशी न्यायची, याचे आपल्याकडं तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग लांबीत बसवलेल्या इंजिनाचा. पुढं इंजिन, त्याला चिकटून गिअरबॉक्स, मधून ओढ मागं नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागं डिफरन्शियलसकट सलग ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी नळी). सेव्हनसारखी गाडी हवी असेल तर हाच. दाता म्हणून, म्हणजे सामान काढून घ्यायला, ओम्नी, इको आणि जिप्सी. केटरहॅमनं २०१३ मध्ये जाहीर केलेल्या सेव्हन १६० मध्ये सुझुकीचंच ६६० सीसीचं तीन सिलिंडर टर्बो इंजिन घातलं, आणि मागचा सलग ॲक्सलही सुझुकीचाच. ८० बीएचपी, ४९० किलो. ते इंजिन आपल्याकडं मिळत नाही. पण छोट्या व्हॅनच्या सामानातून अशी गाडी होते, हे इंग्लंडच्या कंपनीनंच करून दाखवलंय. आपल्या ओम्नीला नाक मुरडणाऱ्यांना मी हे सांगतो.

दुसरा मार्ग म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्हचा अख्खा संच उचलून सीटच्या मागं ठेवणं. ८००, अल्टो, झेन, स्विफ्ट यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात असतात. प्रोपेलर शाफ्ट नको, की मधला बोगदा नको. डोकेदुखी दुसरीकडं आहे. गिअरची दांडी आता पुढून मागं न्यावी लागते. केबलवाला गिअरबॉक्स असेल तर लांब केबल घालून भागतं. रॉडवाला असेल तर सांधे आणि कोन जुळवताना माणूस रडकुंडीला येतो. रेडिएटर पुढं ठेवलात तर पाण्याचे लांब पाईप येतात आणि त्यांच्यात हवा अडकते. म्हणून सगळ्यांत उंच जागी हवा काढायचा बोल्ट ठेवा. मूळ गाडीत स्टिअरिंगचे टाय रॉड जिथं लागायचे, तिथं आता चाक वळू नये म्हणून पक्क्या दांड्या घालाव्या लागतात. आणि गठ्ठा ज्या तोंडानं होता त्याच तोंडानं ठेवा. जागा जमत नाही म्हणून गोल फिरवून बसवलात तर एक गिअर पुढं आणि चार मागं जाणारी गाडी मिळेल. सलग ॲक्सल उलटा बसवला तरी तीच गत. हसू नका, असं बांधलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

या मार्गातला माझा आवडता दाता मात्र नॅनो आहे. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, ३८ बीएचपी, गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास, आणि इंजिन मुळातच मागं. म्हणजे गिअरची केबल, क्लच, थ्रॉटल, पाणी सगळं मागच्या इंजिनासाठीच आखलेलं. २०१८ नंतर ती बनत नाही, आणि लोक तिला किंमतही देत नाहीत. पहिल्यांदा बांधणाऱ्याला ते चांगलंच की. शक्ती कमी आहे हे खरं, पण ४५० किलोची बग्गी शेतातल्या लाल मातीत उडवायला ३८ बीएचपी भरपूर झाले.

तिसरा मार्ग मोटारसायकलच्या इंजिनाचा. ऐकायला झकास. केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं ४३ बीएचपीचं इंजिन, सहा गिअर एकाच केसमध्ये, आणि वजन इतकं की दोघं सहज उचलतात. तरी तीनशे-साडेतीनशे किलोच्या वर जाणाऱ्या गाडीला हे देऊ नका. रिव्हर्स नाही, तो वेगळा करावा लागतो. चेनवर चालणारं डिफरन्शियल वेगळं बनवून घ्यावं लागतं. क्लच दीड-दोनशे किलोच्या मोटारसायकलसाठी बनलेला असतो, चढावर गाडी उठवताना तो जळतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोटारसायकल वळणात कलते, त्यामुळं ऑईल संपच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या) तळाशीच राहतं. तेच इंजिन न कलणाऱ्या चारचाकीत घातलं की लांब वळणात ऑईल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. संपमध्ये आडव्या पट्ट्या घातल्याशिवाय ते इंजिन चालूच करू नका.

टाटा एसचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडर डिझेलही लोक सुचवतात, कारण ते कुठंही मिळतं. १६ बीएचपी आणि ती थरथर. त्यापेक्षा बैलगाडी बरी.

चोर्ल्याच्या चढावर कागदी परीक्षा

इंजिनिअरिंगच्या पोरांना बाहा स्पर्धा माहीत असते, स्वतः बांधलेल्या बग्ग्या घेऊन उतरायची. तिथं पेट्रोलच्या गटात बरीच वर्षं सगळ्यांना तेच १० हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन होतं. इंजिनाला हात लावायचा नाही. मग एक गाडी चढ चढते आणि दुसरी अडते, ती कशानं? गिअरनं. हे गणित शाळेच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

वेगाचं सूत्र: आरपीएमला टायरच्या घेरानं (मीटरमध्ये) आणि ०.०६ नं गुणा. मग गिअरचा आकडा आणि डिफरन्शियलचा आकडा (म्हणजे आतला शाफ्ट किती फिरला की बाहेरचा एकदा फिरतो तो रेशो) यांच्या गुणाकारानं भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं.

१५५/६५ आर १३ टायर धरा. रिम १३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर. टायरची जाडी १५५ च्या ६५ टक्के, दोन्हीकडची मिळून २०१ मिलिमीटर. व्यास साधारण ५३१, घेर १.६७ मीटर. डिफरन्शियल ४.३ आणि चौथा गिअर १ समजा. ५००० आरपीएमला वेग येतो ताशी ११६. पहिला गिअर ३.६ धरला तर त्याच आरपीएमला ३२. पहिल्यात ३२ हा आकडा चांगला आहे. तो पन्नासच्या पुढं गेला तर समजा, गाडी उठवताना दरवेळी क्लच घासणार.

आता चढ. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याकडं निघालात असं मनात धरा. कागदावर जायला कलम ५२ आडवं येत नाही. गाडी माणसासकट ७०० किलो, आणि चढ आठ मीटरला एक मीटर. चढामुळं मागं ओढणारा जोर ७०० × ९.८१ ÷ ८, म्हणजे ८५८ न्यूटन. टायर घरंगळण्याचा विरोध शंभरेक. एकूण ९६०. चाकाची त्रिज्या ०.२६६ मीटर, म्हणजे चाकावर २५५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागणार. ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाचा टॉर्क साधारण ६० धरा. वाटेत गिअर आणि शाफ्टमध्ये १५ टक्के हरवतात. चौथ्यात ६० × ४.३ × ०.८५, म्हणजे २१९. नाही चढणार. तिसरा गिअर १.४ धरला तर ३०७ येतात. चढेल, पण हाताशी फार काही उरणार नाही. दुसऱ्यात आरामात. इकोच्या इंजिनाला १०० न्यूटन-मीटर धरा, चौथ्यातच ३६५ येतात. मात्र चौथ्यात ताशी ४० ला इंजिन १७०० आरपीएमवरच फिरत असतं, आणि तिथं पूर्ण टॉर्क मिळत नाही. म्हणून सर्वोच्च टॉर्क किती यापेक्षा तो कुठल्या आरपीएमला मिळतो, हे बघा.

हे गणित प्रत्येक जोडीसाठी करा. गिअरचे आकडे पुस्तकातून घेतले तरी स्वतः एकदा मोजा. इनपुट शाफ्टवर आणि मागच्या टोकाला खडूची खूण करा, हातानं फिरवा, फेरे मोजा. डिफरन्शियलचे दात मोजायला झाकण काढावं लागतं, तेही काढा. जुन्या सामानात कुणी काय बदललंय याचा भरवसा नसतो.

जिप्सीबद्दल इथंच सांगतो. तिची ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळी, छोट्या शाफ्टनं जोडलेली असते. तुम्हाला फोर व्हील ड्राइव्ह नको, म्हणून ती काढून टाकता येते. पण ती हाय रेंजमध्येही १.४०९ नं वेग कमी करत असते. काढली की त्याच आरपीएमला गाडी ४१ टक्के जास्त पळते. ६०० किलोच्या गाडीला हे मानवतं, हजार किलोच्या जीपला मानवलं नसतं. जिप्सीच्या गिअरबॉक्सची दांडी थेट डोक्यावर असते, सेव्हनसारख्या गाडीत ती हाताजवळ येते. ओम्नी-इकोत चालक इंजिनाच्या वर बसतो, म्हणून दांडीची जोडणी पुढं खेचलेली असते. ती तुम्हाला मागं वळवावी लागेल.

अडॅप्टर प्लेट, म्हणजे माझी फजिती

मी स्विफ्टचं १.३ लिटरचं, ८७ बीएचपीचं इंजिन घेतलं होतं आणि मागं ओम्नीचा चार गिअरचा बॉक्स. दोघांचे बोल्ट जुळत नव्हते. उद्यमबागेत राहणाऱ्याला त्याचं काय? दोन गल्ल्यांत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), लेथ, फाउंड्री सगळं हजर. दोघांना जोडणारी जाड ॲल्युमिनियमची प्लेट, म्हणजे अडॅप्टर प्लेट, काढून घेतली. दिसायला दागिन्यासारखी. गाडी चालली आणि पहिल्याच आठवड्यात क्लच दाबला की कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. दोन महिन्यांत क्लच प्लेटचं मधलं केंद्र तडकलं. मग तिसऱ्या गिअरनं दम तोडला.

मेस्त्रींनी डायल गेज लावला आणि कपाळाला हात लावला. क्रँकचं (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र अर्ध्या मिलिमीटरनं वेगळं होतं. हा फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याच्या आत हवा. प्लेट चांगली झाली होती, पण ती बसवताना जागा धरून ठेवणाऱ्या डॉवेल पिना मीच घातल्या नव्हत्या. बोल्टवर भरवसा ठेवला. बोल्ट ओढून धरतो, केंद्र राखत नाही. आणि तिसरा गिअर? तो प्लेटच्या माथी मारता येत नाही. ६० न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या दातांवर ११३ चा जोर टाकला होता मी.

म्हणून माझं मत असं: पहिल्या गाडीत अडॅप्टर प्लेट नको. यंत्रशाळा दाराशी आहेत हा आपल्या गावाचा मोठेपणा, आणि मोहही तोच. मोठं इंजिन हवंच असेल तर एकाच घराण्यातली जोडी शोधा. १३०० सीसी जिप्सीचा गिअरबॉक्स आणि त्याच जी मालिकेतलं एस्टीम किंवा जुन्या स्विफ्टचं इंजिन, हा बदल जिप्सीवाले कितीतरी वर्षं करत आलेत. तरी पैसे देण्याआधी बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) इंजिनाच्या ब्लॉकला प्रत्यक्ष धरून बघा. स्टार्टर कुठं येतो, फ्लायव्हीलचे दात, क्लच प्लेटच्या खाचा, क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग, आणि ऑईलचा संप पुढच्या आडव्या पाईपला आपटतो का, हे सगळं तिथंच तपासा.

माल घेताना

एकाच अपघाती गाडीतून सगळं घ्या. इंजिन इथलं, गिअरबॉक्स निपाणीचा, वायरिंग कोल्हापूरचं, असं गोळा केलेलं सामान स्वस्त वाटतं, तसं ते नसतं. इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, पेट्रोल पंप, सायलेन्सरचा ऑक्सिजन सेन्सरपर्यंतचा भाग आणि किल्ली हवी. किल्ली विसरलात तर इमोबिलायझर गाडी चालू होऊ देणार नाही. वायरिंग कापू देऊ नका, सॉकेटपाशी सोडवून घ्या. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला यातलं बरंचसं लागत नाही. म्हणून तुम्ही वायरमन नसाल तर जुनी कार्ब्युरेटरवाली ओम्नी हा कमीपणा नाही.

इंजिन शक्यतो चालू असताना बघा. थंड असताना चालू करायला सांगा, कारण गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. कॉम्प्रेशन टेस्टर लावा. प्रत्येक सिलिंडर १० ते १३ बारच्या घरात असावा, आणि एकमेकांत एक बारपेक्षा जास्त फरक नसावा. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर पाणी ऑईलमध्ये जातंय, परत फिरा. गिअरबॉक्सचं ऑईल पांढऱ्या कपड्यावर काढा. बारीक चमकी चालते, बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत.

आपल्या सीमेवर एमएच, जीए आणि केए तिन्ही पाट्यांचा माल येतो. सुटं इंजिन घेताना त्या गाडीच्या आरसीची प्रत, विक्रीची पावती आणि चॅसी नंबरचा फोटो घ्याच. इंजिन नंबर आरसीशी पडताळा. गाडी मोडीत गेली असेल तर कलम ५५ प्रमाणं मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते केलंय का विचारा. नंबर घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी नको.

चॅसी कापण्याआधी

जोडी घरी आली की लगेच पाईप कापायला बसू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, मागचा ॲक्सल त्याच्या जागी ठेवा, आणि मध्ये जमिनीवर चटई टाकून स्वतः बसा. पाय क्लचपर्यंत पोचतो का, गुडघा बेल हाऊसिंगला लागतो का, गिअरची दांडी कोपर न वाकवता हाताशी येते का, हे बघा. बायकोनं किंवा आईनं बघितलं तर हसतील, हसू द्या. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि ॲक्सलचं तोंड हे एकमेकांना समांतर हवेत, आणि प्रोपेलर शाफ्टशी त्यांचे कोन सारखे, तीन-चार अंशांच्या आत. मोबाईलमधला कोन मोजायचा ॲप त्यासाठी पुरतो. प्रोपेलर शाफ्ट आखूड करून घेतलात तर बॅलन्सिंग करून घ्या, नाहीतर साठच्या पुढं गाडी दात वाजवते.

मग सगळं ठोकळ्यांवरच असताना बॅटरी, पेट्रोलचा कॅन आणि रेडिएटर जोडून इंजिन चालू करा. तीस-चाळीस मिनिटं चालू द्या, पंखा आपोआप लागतोय का बघा, प्रत्येक गिअर टाकून बघा. माझ्या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स याच वेळी रिव्हर्समध्ये अडकायला लागला. इकोचा होता, चार बोल्ट सोडून खाली घेतला. चॅसीत बसवून झालं असतं तर दोन पाईप कापावे लागले असते.